साठ हजारांची बीसी आणि गेमिंग कॉम्प्युटरची यादी



दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या झरी जामणीसारख्या लहान गावातही घरोघरी मागण्या सुरू होतात. पूर्वी सायकल मागायचे, मग मोबाइल आला. आता मुले 'गेमिंग पीसी' मागतात. अब्बूंना वाटते, पोरगं हातचे जाईल. अम्मीला वाटते, कॉम्प्युटर म्हणजे अभ्यासाचीच वस्तू, असू दे. घ्यायचा की नाही, हा त्या त्या घराचा फैसला आहे आणि त्यात बाहेरच्याने बोलू नये. पण एकदा घ्यायचे ठरले आणि पैसे मोजकेच असले, तर ते कुठे घालावेत हे मात्र शिकण्यासारखे आहे. आमच्या शाळेच्या कॉम्प्युटर खोलीची जबाबदारी माझ्याकडे असल्याने पालक हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. या वेळचा स्तंभ त्यावरच.

मागे एका विद्यार्थिनीची अम्मी एक कोटेशन घेऊन आली. तिची बीसी, म्हणजे भिशी, त्या महिन्यात उठली होती. वीस बायका, महिन्याला तीन हजार, एकूण साठ हजार रुपये. शिलाईच्या कमाईतून तिने वीस महिने हप्ता भरायचा, तेव्हा ही रक्कम फिटणार. मुलगी अकरावी विज्ञानला, मुलगा नववीत. दोघांनी मिळून कॉम्प्युटर मागितला होता. तिचे म्हणणे सरळ होते, "टीचर, साठच्या वर एक रुपया नाही माझ्याकडे. एवढ्यात होईल तेच सांगा."

कोटेशनवर पाच ओळी होत्या. आय-७ प्रोसेसर. सोळा जीबी रॅम. पाचशे बारा जीबी एसएसडी. चार जीबी ग्राफिक्स कार्ड. साडेचारशे वॅटचा एसएमपीएस आणि रंगीत दिव्यांची कॅबिनेट. खाली एकच आकडा, ५५ हजार. मॉनिटर वेगळा. वाचायला सगळे भरघोस वाटते. पण या पाच ओळींत जे लिहिलेले नव्हते, त्यातच सगळा व्यवहार होता.

आडनाव सांगितले, नाव नाही

'आय-७' हे नुसते आडनाव आहे. या आडनावाचे प्रोसेसर इंटेल कंपनी २००८ पासून काढते आहे. त्यातला कोणता, हे पुढच्या आकड्यावरून कळते. ३७७० असेल तर तो तिसऱ्या पिढीचा, २०१२ सालचा. १२७०० असेल तर बाराव्या पिढीचा, २०२२ सालचा. चार आकडे असतील तर पहिला आकडा पिढी सांगतो, पाच आकडे असतील तर पहिले दोन. आता गंमत बघा. २०१२ च्या आय-७ ३७७० मध्ये चार कोअर आहेत आणि बाराव्या पिढीच्या साध्या आय-३ १२१०० मध्येही चारच कोअर आहेत, पण धाकटा आय-३ त्या थोरल्या आय-७ ला कितीतरी मागे टाकतो. म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न हा विचारायचा, "पूर्ण नंबर लिहून द्या."

जुन्या पिढीचा आणखी एक तोटा आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचे अपडेट देणे बंद केले. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेपासून पुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. आडमार्गाने विंडोज ११ जुन्या यंत्रावर चढवता येते, पण कंपनी त्याची हमी घेत नाही. आमच्या मुलांचा लाडका 'व्हॅलोरंट' हा खेळ तर विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट चालू असल्याशिवाय उघडतच नाही. म्हणजे आय-७ घेऊनही ज्या खेळासाठी घेतला तो अडकायचा.

ग्राफिक्स कार्डाचेही तसेच. 'चार जीबी' ही त्याच्या मेमरीची मापे झाली, ताकदीची नाहीत. २०१४ सालचे जीटी ७३० हे कार्ड चार जीबीमध्येही मिळते, पण आजच्या खेळांपुढे ते टिकत नाही. कधी कधी तर पूर्ण नाव सारखे असूनही माल वेगळा असतो. जीटी १०३० नावाचे कार्ड आधी वेगवान जीडीडीआर-५ मेमरीसह आले आणि २०१८ मध्ये त्याच नावाने हळू डीडीआर-४ मेमरीचेही आले. आरटीएक्स ३०५० सुद्धा आठ जीबी आणि सहा जीबी अशा दोन रूपांत आहे, आणि सहा जीबीवाल्यात फक्त मेमरीच नाही, आतले कोअरही कमी आहेत. म्हणून कार्डाचे पूर्ण नाव, मेमरी किती आणि कोणत्या जातीची, हे तिन्ही कागदावर हवे.

आधी पडदा ठरवा

मुले यादी प्रोसेसरपासून सुरू करतात. मी त्यांना सांगते, उलट्या टोकापासून या. कोणते खेळ खेळणार आणि कोणत्या पडद्यावर, हे आधी लिहा.

पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे असते. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे पावणेएकवीस लाख ठिपके. त्याच्या वरच्या, २५६० गुणिले १४४० च्या पडद्यावर सुमारे सदतीस लाख. फोर-के पडद्यावर सुमारे त्र्याऐंशी लाख, म्हणजे फुल एचडीच्या बरोबर चौपट. खेळताना ग्राफिक्स कार्डाला हे सगळे ठिपके सेकंदाला साठ वेळा किंवा त्याहूनही जास्त वेळा नव्याने रंगवावे लागतात. पडदा चौपट बारीक केला की कार्डावरचा भारही त्याच अंगाने वाढतो आणि कार्डाची किंमतही. साठ हजारांच्या घराने फुल एचडीचा पडदा घ्यावा आणि समाधानी राहावे. जगभरात कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांमध्ये आजही हाच पडदा सर्वांत जास्त वापरला जातो.

खेळांचेही दोन गट करा. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक, माइनक्राफ्ट हे हलके खेळ. यांना मध्यम कार्डही पुरते, काही वेळा प्रोसेसरमधले अंगचे ग्राफिक्सही चालते. रेड डेड रिडेम्प्शन २ सारखे मोठे कथानकाचे खेळ जड. त्या एका खेळाला डिस्कवरच १५० जीबी जागा लागते. पाचशे जीबीच्या एसएसडीत विंडोज धरून असे दोन खेळ बसवले की जागेची ओढाताण सुरू होते. मुलाने 'सगळेच खेळणार' असे सांगितले तर त्याला पाच नावे लिहायला लावा. पाचांपैकी चार बहुधा हलक्या गटातली निघतात.

शंभर वाट्यांचा हिसाब

आता पैसे. साठ हजारांतून सर्वांत आधी डब्याबाहेरच्या वस्तू वजा करा. मॉनिटर, कीबोर्ड, माउस, यूपीएस आणि विंडोजचा परवाना. कोटेशनमध्ये यातले बरेचसे नसते आणि घरी आल्यावर खर्च वाढत जातो. विंडोजची ओळ तर हमखास गायब असते, कारण अनेक ठिकाणी चोरीची प्रत टाकून दिली जाते. ती फुकट वाटते, पण तिच्या सोबत व्हायरस येऊ शकतात, आणि मुलांसमोर आपण घरात चोरीचा माल ठेवतो ते वेगळेच. परवाना परवडत नसेल तर लिनक्स ही मोफत प्रणाली आहे. स्टीमच्या दुकानातले बरेच खेळ तिच्यावर चालतात, व्हॅलोरंट मात्र चालत नाही. हे सगळे धरून मी वीस हजार बाजूला काढायला सांगते. राहिले चाळीस.

या चाळीस हजारांचे शंभर वाटे करा. एक वाटा चारशे रुपयांचा. फळ्यावर मी साधारण अशी वाटणी मांडते. ग्राफिक्स कार्डाला ३५ वाटे, प्रोसेसरला १८, रॅमला १३, मदरबोर्डला १२, एसएसडीला ९, एसएमपीएसला ८ आणि कॅबिनेटला ५. रुपयांत हे अनुक्रमे १४,०००, ७,२००, ५,२००, ४,८००, ३,६००, ३,२०० आणि २,००० होतात. ही काही दगडावरची रेघ नाही. दोन-चार वाटे इकडेतिकडे होणारच. पण कोटेशन हातात आले की प्रत्येक वस्तूचा वाटा काढून या वाटणीशेजारी ठेवा. प्रोसेसर चाळीस वाटे खातो आणि कार्डाला दहा उरतात, असे दिसले तर तो खेळाचा कॉम्प्युटर नाही. कॅबिनेट बारा वाटे आणि एसएमपीएस तीन, असे दिसले तर पैसे रंगीत दिव्यांवर चालले आहेत.

खेळात कार्डाला सर्वांत मोठा वाटा का, तर चित्र रंगवण्याचे काम त्याचे आहे. प्रोसेसर त्याला काम पुरवतो. पुरवणारा फार हळू असेल तर कार्ड रिकामे बसते, रंगवणारा फार हळू असेल तर महागडा प्रोसेसर रिकामा बसतो. कापसाच्या दिवसांत जिनिंगसमोर गाड्यांची रांग लागते तेव्हा अडचण तोलकाट्याची आहे की आत माल उतरवणाऱ्यांची, हे आपण बघतोच. इथेही तेच बघायचे. सहा कोअरचा मध्यम प्रोसेसर, जसे एएमडीचा रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा आय-५ १२४००एफ, या किमतीच्या कोणत्याही कार्डाला पुरून उरतो. इंटेलच्या नंबरामागचा 'एफ' लक्षात ठेवा. त्याचा अर्थ, या प्रोसेसरमध्ये अंगचे ग्राफिक्स नाही, कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही.

जिथे कात्री लावू नये

आपल्या भागात एका वस्तूवर मी कधीही काटकसर करू देत नाही. ती म्हणजे एसएमपीएस. भिंतीतली वीज घेऊन ती आतल्या प्रत्येक भागाला मापात वाटणारा हा डबा. तो बिघडला तर बाकीच्यांनाही सोबत घेऊन जाऊ शकतो. पावसाळ्यात वीज किती वेळा येते-जाते आणि रात्री मोटारपंप सुरू झाले की दाब कसा खालीवर होतो, हे झरी, मुकुटबन, पाटणच्या लोकांना सांगायला नको.

यात फसवणूक ओळखायला पाचवीचा गुणाकार पुरतो. डब्यावर मोठ्या अक्षरात 'साडेचारशे वॅट' असते. त्याकडे बघू नका. बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या ओळीखाली किती अँपिअर लिहिले आहेत ते बघा. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. समजा तिथे १६ लिहिले आहे. बारा सोळे एकशे ब्याण्णव. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर आपली वीज याच ओळीतून घेतात. आता आरएक्स ६६०० हे कार्ड १३२ वॅटचे, प्रोसेसर ६५ वॅटचा, त्यात पंखे, बोर्ड, एसएसडी धरले की सव्वादोनशेच्या वर जाते. म्हणजे साडेचारशेचे नाव लावलेला डबा खेळ रंगात आला की बसणार. चांगल्या कंपनीच्या खऱ्या साडेचारशे वॅटच्या डब्यावर हाच आकडा पस्तिशीच्या आसपास असतो. त्यावर '८० प्लस ब्रॉन्झ' अशी खूण असेल तर तो अर्ध्या भारावर सुमारे ८५ टक्के वीज कामाला लावतो, बाकीची उष्णता होऊन जाते. ती खूण वीज किती वाया जाते हे सांगते, मजबुतीचा दाखला ती देत नाही. म्हणून खुणेबरोबर अँपिअरचा आकडा, कंपनीचे नाव आणि किमान तीन वर्षांची वॉरंटी बघा.

दुसरी गोष्ट अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, असे अनेक घरांत ऐकते. तीन पिनांच्या सॉकेटमधली तिसरी पिन जमिनीशी जोडलेली नसली की असे होते. कॉम्प्युटर आणण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. हा खर्च लहान आहे आणि तो मुलांच्या जिवाचा आहे.

यूपीएस घेताना त्यावरचा 'व्हीए'चा आकडा म्हणजे वॅट नव्हे. सहाशे व्हीएचा यूपीएस बहुतेक वेळा ३६० वॅटपर्यंतच भार उचलतो. वर सांगितलेला कॉम्प्युटर मॉनिटरसह भिंतीतून तीनशेच्या आसपास घेईल, म्हणजे चालेल, पण काही मिनिटेच. तेवढ्या वेळात काम जतन करून यंत्र बंद करायचे, त्यावर खेळत बसायचे नाही. काही स्वस्त यूपीएस चांगल्या एसएमपीएसशी नीट जमत नाहीत, वीज जाताच कॉम्प्युटर बंद पडतो. शक्य असेल तर दुकानातच जोडून, प्लग काढून बघा.

आज काय, पुढच्या वर्षी काय

फळ्यावरची वाटणी घेऊन आम्ही बसलो तेव्हा अडचण लगेच समोर आली. १४,००० रुपयांत कामाचे नवे ग्राफिक्स कार्ड बसेना आणि ५,२०० रुपयांत सोळा जीबी रॅम बसेना. रॅमचे कारण लांबचे आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या डेटा सेंटरना प्रचंड मेमरी लागते आणि चिप बनवणाऱ्या मोजक्या कंपन्या आधी त्यांना माल देतात. मायक्रॉन या अमेरिकन कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला 'क्रुशियल' हा सामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचे जाहीर केले. त्याचा चटका झरी जामणीतल्या एका शिलाई मशीनपर्यंत पोहोचला.

मग काय करायचे? बजेट वाढवायचे नव्हते. अशा वेळी वस्तूंचे दोन ढीग करावेत. एका ढिगात नंतर सहज वाढवता किंवा बदलता येणाऱ्या वस्तू. ग्राफिक्स कार्ड, दुसरी एसएसडी, जास्तीची रॅम. दुसऱ्या ढिगात ज्या बदलायच्या म्हटले की सगळे उलगडावे लागते त्या. मदरबोर्ड, एसएमपीएस, कॅबिनेट. पैसे कमी पडले तर दुसरा ढीग आज चांगला घ्यायचा आणि पहिल्यातले काही पुढे ढकलायचे. बहुतेक लोक उलटे करतात. आज दिसायला भारी कार्ड घेतात आणि हलका एसएमपीएस लावतात, मग दोन वर्षांनी दोन्ही बदलतात.

इथे दोन वाटा होत्या. पहिली, वापरलेले कार्ड घ्यायचे आणि आजच सगळे पुरे करायचे. दुसरी, अंगचे ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्यायचा, जसा रायझन ५ ५६००जी, आणि कार्ड पुढच्या वर्षावर टाकायचे. नंबरामागचा 'जी' म्हणजे ग्राफिक्स आत आहे. व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट आणि जीटीए ५ सारखे खेळ तो फुल एचडीवर कमी किंवा मध्यम सेटिंगला चालवतो. त्याच्याकडे एक उणीव आहे. त्यातली कॅशे मेमरी साध्या ५६०० च्या निम्मी, ३२ ऐवजी १६ एमबी आहे. त्यामुळे उद्या कार्ड लावले तरी तो थोडा मागे राहील. आणि त्याला रॅमच्या दोन सारख्या पट्ट्याच हव्यात, कारण अंगचे ग्राफिक्स आपली मेमरी रॅममधूनच उसनी घेते. एका पट्टीवर ते लंगडते.

एएमडीच्या नव्या एएम-५ सॉकेटचा बोर्ड घेतला तर पुढे नवे प्रोसेसर त्याच बोर्डावर बसतील. कंपनीने हे सॉकेट २०२७ आणि त्यापुढेही चालू ठेवण्याचे जाहीर केले आहे. पण त्याला महाग डीडीआर-५ रॅमच लागते. एएम-४ हे जुने सॉकेट, त्याची वाट संपत आली आहे, पण भाग स्वस्त आणि भरपूर मिळतात.

या घरात मुलीला प्रोग्रॅमिंग शिकायचे होते आणि मुलाचे पाचांपैकी चार खेळ हलके होते. त्यांनी दुसरी वाट धरली. एएम-४ चा चांगला बोर्ड, 'जी'चा प्रोसेसर, रॅमच्या दोन पट्ट्या, साडेपाचशे वॅटचा भरवशाचा एसएमपीएस, जाळीच्या तोंडाची साधी कॅबिनेट. कार्डाच्या १४,००० मधले बरेचसे रॅम आणि एसएमपीएसमध्ये गेले. दिव्यांची कॅबिनेट गेली म्हणून मुलगा दोन दिवस रुसला होता. ज्या घरात मुलाला जड खेळच खेळायचे आहेत आणि वापरलेले कार्ड पारखणारा माणूस ओळखीचा आहे, त्यांनी पहिली वाट धरली तरी चुकीचे नाही.

खरेदी कुठे आणि कशी

आमच्याकडून बाजार चहूकडे आहे. वणी, पांढरकवडा जवळ. पैनगंगेपलीकडे तेलंगणातले आदिलाबाद. मोठ्या निवडीसाठी नागपूरची सीताबर्डी. मुंबईत नातेवाईक असतील तर ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आताचा डॉ. भडकमकर मार्ग, या मालाचा जुना बाजार. भाव तीन ठिकाणी विचारावा, पण यादी एकच ठेवावी. प्रत्येक भागाचे पूर्ण नाव आणि नंबर असलेली यादी दिली की तुलना होते. 'गेमिंग पीसीचा काय भाव?' असे विचारले की तीन ठिकाणी तीन वेगळ्या वस्तूंचे भाव मिळतात.

तीनशे-चारशे रुपये वाचवायला बिल सोडू नका. कॉम्प्युटरच्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे आणि बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर असला तरच वॉरंटीचे दार उघडते. इंटेल आणि एएमडीच्या डबाबंद प्रोसेसरला तीन वर्षांची वॉरंटी असते. प्रोसेसर डब्याशिवाय 'ट्रे'मधला देत असतील तर वॉरंटी कोण देणार, हे लिहून घ्या. ऑनलाइन मागवला तर पाकीट फोडताना सुरुवातीपासून व्हिडिओ काढा.

वापरलेले कार्ड घेताना पैसे आधी देऊ नका. यंत्रात लावून, जड खेळ किंवा चाचणीचा प्रोग्रॅम अर्धा तास चालवून बघा. पडद्यावर ठिपके, पट्ट्या येतात का, पंखा खरखरतो का, यंत्र मध्येच बंद पडते का. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने कार्डांवरचे 'मायनिंग' बंद केले आणि रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. त्यातली काही अजून फिरत आहेत. वॉरंटी शिल्लक असलेले, बिलासह मिळणारे कार्डच पसंत करा.

आणि हप्ते. साठ हजारांची यादी पंच्याहत्तरवर गेली की दुकानातून 'नो-कॉस्ट ईएमआय'चा सल्ला येतो. नावात 'बिनखर्चाचा' असले तरी बँक त्यात व्याज लावतेच. ते व्याज दुकान किंवा कंपनी सवलत म्हणून वजा करून दाखवते, पण व्याजावरचा जीएसटी आणि बहुतेक वेळा प्रक्रिया शुल्क आपल्या खिशातून जाते. रोख घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती सुटते ती वेगळीच. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वात नसते. आपल्या घरांत व्याज का टाळतात हे सांगायला नको. बीसीतून आलेल्या बिनव्याजी पैशाला शेवटच्या पंधरा हजारांसाठी व्याजाचे शेपूट लावण्यापेक्षा यादीच छाटावी.

घरी आल्यावर

जोडणी झाली की चार गोष्टी मुलांकडून तिथेच करून घ्या. ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डाला लावलेली आहे ना, मदरबोर्डाला नाही. नाहीतर कार्ड पैसे घेऊन नुसते बसून राहते. विंडोजच्या सेटिंगमध्ये पडद्याची गती पाहा. मॉनिटर १०० किंवा १४४ हर्ट्झचा असला तरी तो अनेकदा साठवरच सुरू होतो. बायॉसमध्ये रॅमचा 'एक्सएमपी' पर्याय चालू करा, तो बंद असला की रॅम विकत घेतलेल्या वेगाने पळत नाही. आणि विंडोजमध्ये प्रोसेसर, रॅम, कार्डाची नावे उघडून बिलाशी ताडून पाहा.

मग आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. कोणताही पंखा यंत्राला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, आणि चिप फार तापली की स्वतःचा वेग कमी करते. म्हणून कॅबिनेट कपाटात कोंबू नका, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. समोर जाळी आणि आत हवा घेणारे दोन पंखे असतील तर काचेच्या तोंडाच्या महागड्या डब्यापेक्षा ते बरे. जिनिंगच्या दिवसांत हवेत कापसाचे तंतू असतात, ते पंख्याच्या जाळीवर नमद्यासारखे बसतात. महिन्यातून एकदा यंत्र बंद करून, प्लग काढून, मऊ ब्रशने जाळी झाडायची. हे काम मुलांचे.

खेळाबद्दल एकच गोष्ट पालकांनी कान देऊन ऐकावी. खेळ आणि पैशांचा खेळ यात फरक आहे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्सला वेगळे स्थान दिले. मुलाच्या पडद्यावर कुठेही 'पैसे टाका, पैसे जिंका' दिसले तर तो खेळ नाही, जुगार आहे. कॉम्प्युटर बैठकीच्या खोलीत ठेवला तर ही नजर आपोआप राहते.

शेवटचे सांगणे मुलांसाठी. यादी तुम्ही स्वतः लिहा. एका वहीत सात ओळी आखा, प्रत्येक भागाचे पूर्ण नाव, तीन ठिकाणचे भाव, वॉरंटी आणि शंभरातला वाटा. शेजारी एक ओळ, हाच भाग का. ज्या ओळीसमोर 'का' लिहिता येत नाही, तो भाग अजून ठरलेला नाही असे समजा. अम्मी-अब्बूंना आय-७ आणि आरटीएक्स कळत नसेल, पण त्या वहीतले 'का' त्यांना नक्की कळेल. आमच्या शाळेत आठवीच्या वर्गाला मी शेकडेवारी याच यादीवर शिकवते. पोरांना गणित सुटते आणि कोटेशनही वाचता येते.